ठशाची रेषा, घरचा रंग : डिजिटल ठशांच्या रंगकामाची पूर्वपीठिका

केवळ काळ्या बाह्यरेषेने काढलेले एखादे चित्र संगणकाच्या पडद्यावर घ्यावयाचे आणि छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या साह्याने त्यात रंग भरावयाचा, हा गेल्या दोन दशकांत रूढ झालेला एक घरगुती छंद आहे. अशा चित्राला व्यवहारात 'डिजिटल स्टॅम्प' म्हणतात. शुभेच्छापत्रे करणाऱ्या हौशी मंडळींच्या रबरी शिक्क्याचा तो वारस होय. शिक्क्याला शाई लागे, उठाव नीट येई किंवा न येई, आणि त्याचा आकार एकच राही. त्याच्या जागी आता संगणकात साठवलेली फाईल आली. ती हवी तेवढी लहानमोठी करता येते, उलटवता येते आणि कितीही वेळा उमटवता येते. 'ठसा' हा आपला जुना शब्द या नव्या वस्तूला नेमका लागू पडतो. कारण ठसा म्हणजे जो एकाने कोरला आणि दुसऱ्याने उमटवला तो. वस्तूचे हे द्विकर्तृत्व त्या शब्दातच आहे.

या छंदाचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांसमोर का मांडावा, असा प्रश्न कोणासही पडेल. प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की रेषा एकाची आणि रंग दुसऱ्याचा, ही विभागणी म्हणजे संहिता आणि वाचन यांच्यातील विभागणीचे एक दृश्य रूप आहे. आणि रंगाचा निर्णय कोणाच्या हाती राहिला, याचा इतिहास हा वाचकाच्या अधिकाराच्या इतिहासाचाच एक भाग आहे. या इतिहासाचे काही महत्त्वाचे दुवे बेंगळुरूत आणि जुन्या म्हैसूर राज्यात एकत्र येतात. म्हैसूरच्या राजाश्रयातील चित्रपरंपरा, कर्नाटकातील चामड्याच्या बाहुल्यांचा संग्रह, रविवर्म्याच्या शिळाछाप चित्रांचे जतन आणि संगणक-उद्योग ही सर्व या परिसरात शेजारी नांदतात. त्यांतील दोन ठिकाणी मराठी भाषक थेट उभे आहेत, हे विशेष.

रेषेला वरचे स्थान आणि रंगाला खालचे, ही श्रेणी जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्राने रेषेची पारख आचार्यांकडे सोपवली आणि रंगाच्या समृद्धीची आवड सर्वसामान्य जनांच्या पदरी टाकली. आभूषणांची आवड स्त्रियांच्या वाट्याला आली. युरोपातही फ्लॉरेन्सने आरेखनाचा आणि व्हेनिसने रंगाचा पक्ष घेतला, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या अकादमीत पुसँचे अनुयायी व रूबेन्सचे अनुयायी याच मुद्द्यावर भांडले. दोन्हीकडे गृहीत एकच होते : रेषा बुद्धीची, रंग इंद्रियांचा. रंग भरणारा हात दुय्यम मानण्याची सवय या गृहीतातून आली. ती सवय आजही, डिजिटल ठशात रंग भरणाऱ्या व्यक्तीकडे 'वेळ घालवणारी' म्हणून पाहण्यात, शाबूत आहे.

प्रथम ही प्रक्रिया नीट पाहू. कारण तिच्या तपशिलातच इतिहास दडलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये चित्र थरांनी रचले जाते. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले, पण त्यात थरांची, म्हणजे लेयरची, सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. तोवर रंग भरणे म्हणजे मूळ चित्रावरच लिंपणे होते. थर आल्यावर रेषेचा थर वर, रंगाचे थर खाली, अशी मांडणी शक्य झाली. रेषेच्या थराला 'मल्टिप्लाय' ही पद्धत लावतात. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार : वरच्या व खालच्या थरांतील प्रत्येक बिंदूची मूल्ये परस्परांनी गुणली जातात. पांढऱ्याचे मूल्य एक धरले तर त्याने गुणून काहीच बदलत नाही, म्हणून कागदाचा पांढरेपणा नाहीसा होऊन खालचा रंग दिसू लागतो. काळ्याचे मूल्य शून्य, म्हणून रेषा काळीच राहते. नंतर एकेका आवारासाठी, म्हणजे चेहरा, साडी, पाने यांसाठी, वेगळा थर घेऊन रंग ओतावयाचा, आणि मऊ कुंचल्याने छाया व उजेड द्यावयाचा.

वाचताना हे सोपे वाटते. प्रस्तुत लेखकाने गिम्प या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एका गणपतीच्या ठशावर प्रयोग केला, तेव्हा पितांबराचा पिवळा रंग एका क्षणात सोंडेसह सर्व आकाशभर पसरला. कारण शोधता कळले की कंबरेपाशी रेषेत दोन-तीन बिंदूंची फट होती. रंग ओतण्याच्या साधनाला कुंपण बंदिस्त लागते. डोळा जी फट आपणहून सांधतो ती अशा साध्या साधनाला सहसा सांधता येत नाही. दुसरी अडचण याच्या उलट. रेषेच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे बिंदू ठेवलेले असतात. रंग त्यांच्या अलीकडेच थांबतो आणि प्रत्येक आकाराभोवती पांढरी झालर उरते. अनुभवी माणूस रंग रेषेच्या खाली दोन बिंदू आत सरकवतो. ठसा करणाऱ्याने रेषा कोठे तोडावी आणि रंगणाऱ्याने ती कोठे ओलांडावी, याचा हा अबोल करार आहे.

आता शिळाछापाकडे वळू. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेली ही मुद्रणरीत रंगीत झाली ती याच थरांच्या तत्त्वावर. मूळ चित्राची बाह्यरेषा प्रथम एका दगडावर घ्यावयाची. त्या रेषेचे उठाव इतर दगडांवर उतरवून प्रत्येक दगडावर एकेका रंगाचा भाग तेलकट खडूने वा शाईच्या ठिपक्यांनी भरावयाचा. मग एकाच कागदावर एकामागून एक दगड छापावयाचे. कोपऱ्यांतील खुणा जुळल्या तर चित्र जुळले, अन्यथा ओठांचा रंग गालावर. पारदर्शक शाईवर शाई चढली की पडणारा परिणाम म्हणजे तोच गुणाकार. मल्टिप्लाय ही संज्ञा संगणकाची असली तरी ती रीत छापखान्यातील दगडांच्या चळतीत आधीपासूनच होती.

मराठी मुलखात या रंगीत छपाईचा आरंभ ठळकपणे झाला तो पुण्यातील चित्रशाळा प्रेसमुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी ती १८७८ साली स्थापन केली. निबंधमालाकारांना गद्याबरोबर चित्रही लोकांच्या घरात जावे असे वाटले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जरा घाईनेच ओलांडली जाते. दुसरा दुवा दक्षिणेतला आहे. तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण होते. रविवर्म्याच्या चित्रांना वाढती मागणी पाहून, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असा सल्ला त्यांनी त्याला पत्राने दिला होता. रविवर्म्याने पुढे प्रती बाहेर न छापवता मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. १८९४ मध्ये शकुंतलाजन्माचे चित्र त्यातून बाहेर पडले. प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याच्या मालकीचा झाला. १९७२ च्या आगीत तेथील पुष्कळ ऐवज नष्ट झाला. आज त्या परंपरेच्या नोंदणीचे व जतनाचे मोठे काम बेंगळुरूतील राजा रविवर्मा हेरिटेज फाउंडेशन करीत आहे.

या छापील चित्रांत, म्हणजे ओलिओग्राफमध्ये, एक गोष्ट विलक्षण आहे. सगळी इमारत ज्या बाह्यरेषेवर उभी असते ती रेषा शेवटी दिसू नये, असा छापखान्याचा प्रयत्न असे. वर रोगण, कधी कापडाच्या विणीचा दाबून काढलेला आभास. पाहणाऱ्यास तैलचित्रच वाटले पाहिजे. म्हणजे रेषा बुजली, थर बुजले, आणि रंगाचा निर्णय सर्वस्वी छापखान्यात झाला. सरस्वतीच्या साडीचा काठ कोणता हे मळवलीस ठरले आणि हजारो घरांत तेच पोचले. चित्र स्वस्त झाले, पण त्याच्यात रंग भरण्याची जागा गृहिणीसाठी उरली नाही.

ती जागा घरांनी अन्य मार्गाने परत मिळवली. रविवर्मा छापखान्याच्या कित्येक प्रतींवर खरे कापड, जरी, टिकल्या व मणी चिकटवलेले आढळतात. लक्ष्मीच्या छापील साडीवर साडीचाच तुकडा कापून बसवलेला, निऱ्या दुमडून शिवलेल्या, मुकुटावर मणी. चेहरा व हात मात्र छापील तसेच उघडे ठेवलेले. कोठे थांबावयाचे हे या हातांना नेमके माहीत होते. संग्रहालयाच्या नोंदीत अशा प्रतीवर चित्रकाराचे व छापखान्याचे नाव येते. जरीकाम 'माध्यम' या रकान्यात जाते. ते करणाऱ्याचे नाव कोठेच नसते. तौलनिक दृष्टीने पाहिले तर हे जरीकाम टीका वा भाष्य या सदरात मोडते : मूळ संहिता न बदलता तिच्यावर आपला थर चढवणे. टीकाकारांची नावे आपण जपली. हे भाष्यकार अनामिक राहिले, बहुधा ते स्वयंपाकघरापलीकडे फारसे जात नव्हते म्हणून.

रंग हा नेहमीच असा मोकळा नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाने सिद्ध झालेला 'श्रीतत्त्वनिधि' हा सचित्र ग्रंथ नऊ निधींत विभागलेला आहे. त्यात देवतांची ध्याने दिली आहेत, आणि ध्यानात वर्ण सांगितलेला असतो. मंगळ तांबडा, गुरू पिवळा, शुक्र पांढरा, शनी काळानिळा : येथे रंग ही चित्रकाराची आवड नसून देवतेची ओळख आहे. रंग चुकला तर देवता चुकली. त्यामुळे म्हैसूर शैलीतील रंगकर्मी आधी वाचक आहे, मग चित्रकार. त्याचे वाचन संहितेने बांधलेले आहे. या ग्रंथाची संस्कृत संहिता पुढे मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने देवनागरीत प्रसिद्ध केली, आणि मठमंदिरांपलीकडच्या वाचकालाही शब्दांवरून रंग जाणता येऊ लागला. पहाडी चित्रकार रेखाटनावरच रंगांची आद्याक्षरे वा खुणा टिपून ठेवीत. जपानी काष्ठमुद्रणात १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या काळी बहुरंगी छपाई रूढ झाल्यावर चित्रकार काळ्या रेषेच्या प्रतींवर रंगांच्या सूचना लिहून ठसेकोऱ्याकडे पाठवी. रेषेच्या पोटात रंगाची आज्ञा वसवण्याची ही रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. डिजिटल ठशात मात्र अशी आज्ञा नसते. तो ध्यानश्लोकाशिवायचा देव आहे.

दुसरा मराठी दुवा अधिक अनपेक्षित आहे. कर्नाटकात 'तोगलु गोंबेयाट' नावाने चालणारा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ किळ्ळेक्यात समाजाने पिढ्यान्पिढ्या जपला. खेळ कन्नडमध्ये, कथा रामायण-महाभारताच्या, आणि घरात बोलली जाते ती मराठीची एक बोली. आंध्र व तमिळनाडूतील छायाखेळ करणाऱ्या काही कुटुंबांतही घरची भाषा अशीच मराठी वळणाची आढळते. इकडे सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे चित्रकथीच्या पोथ्या व चामड्याच्या बाहुल्या दोन्ही आहेत. भाषांच्या सीमा ओलांडणारी ही चित्रभाषा आपल्या तौलनिक अभ्यासात अद्याप योग्य जागी आलेली नाही. बेंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत एम. एस. नंजुंडराव यांच्या पुढाकाराने या बाहुल्यांचा संग्रह झाला, म्हणून निदान त्या पाहता येतात.

बाहुली करण्याची रीत अशी : शेळीचे वा हरणाचे कातडे कमावून, खरवडून अर्धपारदर्शक करावयाचे, त्यावर आकृती रेखाटावयाची, कडा कापावयाच्या, दागिन्यांच्या जागी बारीक भोके पाडावयाची, आणि तांबडा, निळा, हिरवा, काळा असे रंग दोन्ही बाजूंनी लावावयाचे. पडद्यामागे दिवा लावला की प्रकाश कातड्यातून व दोन्ही बाजूंच्या रंगांतून गाळून येतो. येथे पुन्हा तोच गुणाकार घडतो, आणि तो शाईच्या कागदापेक्षा संगणकाच्या पडद्याला अधिक जवळचा आहे. कागदावरचा रंग परावर्तित प्रकाशाने दिसतो. बाहुलीचा आणि संगणकाचा रंग मागून येणाऱ्या प्रकाशाने. संगणकावर तेजस्वी दिसलेले रंगकाम कागदावर छापल्यावर मंद का होते, असा प्रश्न हौशी मंडळी नेहमी विचारतात. ज्याने छायाखेळाची बाहुली दिव्यापुढून काढून दिवसाउजेडी हातात घेतली आहे त्याला याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही. दागिन्याची भोके हा तर या कलेचा परमोच्च बिंदू : जेथे सर्वांत उजळ प्रकाश हवा तेथे कारागीर रंग लावीत नाही, वस्तूच काढून टाकतो.

घराच्या उंबऱ्यावरचा छापाही येथे आठवावा. भोके पाडलेली पत्र्याची चाळणी जमिनीवर ठेवून पांढरी पूड फिरवली की कमळाची वा मोराची बाह्यरेषा उमटते. मग चिमटीने रंग भरावयाचे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या जुन्या बायका छाप्याला नाके मुरडीत, हे अनेकांनी ऐकले असेल. रेषा आपली नसेल तर श्रेय कसले, हा त्यांचा आक्षेप. तो चित्रसूत्राच्या आचार्यांचाच आक्षेप होय. तथापि दिवाळीत एकाच छाप्याची दोन दारांतील कमळे एकसारखी दिसत नाहीत, हे कोणीही पाहू शकतो.

अलीकडच्या काळात बेंगळुरूशी निगडित अशी दोन उदाहरणे घडली. पहिले चित्रकथेचे. 'अमर चित्र कथे'चे कन्नडमधील पहिले अंक १९६५ साली येथून निघाले. पुढे अनंत पै यांनी संपादित केलेली भारतीय कथांची मालिका मुंबईतून देशभर गेली. चित्रकथा-व्यवसायात पेन्सिलने काढणारा, शाईने पक्के करणारा आणि रंग भरणारा अशी कामाची विभागणी असते. अंकावर संहिताकाराचे व चित्रकाराचे नाव येते, रंग भरणाऱ्याचे सहसा येत नाही. दुसरे उदाहरण चित्रपटाचे. राजकुमार यांची भूमिका असलेला, हुणसूर कृष्णमूर्ती दिग्दर्शित 'सत्य हरिश्चंद्र' हा १९६५ चा कृष्णधवल कन्नड चित्रपट संगणकाने रंगवून एप्रिल २००८ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. १९७१ चा 'कस्तुरी निवास' २०१४ मध्ये. हरिश्चंद्राची कथा येथे योगायोगानेच आली, पण ती सूचक आहे. रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा पहिला चित्रपट हरिश्चंद्राचा, आणि १९३२ मध्ये प्रभातने काढलेला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' हाही त्याचाच. एकाच आख्यानाने छपाईच्या दगडापासून संगणकाच्या थरांपर्यंतचा प्रवास पाहिला.

मात्र चित्रपट रंगवणे आणि ठसा रंगवणे यांत एक मूलभूत फरक आहे. कृष्णधवल चित्रात प्रत्येक जागेचा उजळपणा आधीच ठरलेला असतो. रंगणारा केवळ वर्ण पुरवतो. राणीची साडी करडी दिसते, ती तांबडी होती की हिरवी हे चित्र सांगत नाही, पण ती किती गडद होती हे सांगते. ही भाषांतराची स्थिती आहे : अर्थाची घडण बंधनकारक, शब्द आपला. ठशात उजळपणाही दिलेला नसतो. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, छाया कोठे पडते, रात्र आहे की सकाळ, हे सर्व रंगणाऱ्याने ठरवावयाचे. ही स्थिती आख्यानकाराची आहे : प्रसंग ठरलेला, सांगणे आपले. म्हणून डिजिटल ठशाच्या रंगकामाला जो कमी दर्जा दिला जातो तो उलटा आहे, असे मला वाटते. चित्रपटाच्या रंगीत आवृत्तीची वृत्तपत्रांनी चर्चा केली. अधिक मोकळे आणि म्हणून अधिक जोखमीचे काम घरच्या संगणकावर, कोणाच्याही दखलीविना चालू राहिले.

या मोकळेपणाला व्यवहाराचे कुंपण आहे. ठसा विकणारे त्याबरोबर साधारणतः काही अटी घालतात : मूळ रेखाचित्र इतरांस देऊ नये, रंगवून केलेली पत्रे थोड्या प्रमाणात विकता येतील, रेषाकाराचे नाव दिले पाहिजे. रेषाकाराच्या बाजूने ही अट न्याय्यच आहे. रविवर्म्याच्या चित्रांच्या नकला त्याच्या हयातीतच बाजारात फिरत होत्या, हे पाहता अशा अटींची गरज कळते. तथापि रंगणाऱ्याचे नाव देण्याची अट सहसा कोठे आढळत नाही. आता रेषाचित्रात आपोआप रंग भरणारी साधनेही आली आहेत. त्यांना शिकवण्यासाठी असंख्य रंगवलेली चित्रे वापरली गेली, आणि त्या चित्रांतील निर्णय कोणाचे होते हे त्या साधनांना ठाऊक नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा फाईलीचा. ओलिओग्राफचे दगड गेले, त्यामुळे कोणता रंग आधी चढला आणि कोणता नंतर, हे भिंगाने कडा पाहून ताडावे लागते. जरीकाम करणारीचे हात तर केवळ टाक्यांवरून ओळखू येतात. थरांसह जपलेल्या फाईलीत मात्र हे सारे जागच्या जागी असते : पदराखाली आधी निळा भरला होता, मग तो लपवून मोरपंखी केला, चेहऱ्यावरची छाया तीनदा बदलली, डोळ्यांतील उजेडाचा ठिपका सर्वांत वरच्या थरावर एकटा आहे. हस्तलिखितातील खाडाखोड वाचणाऱ्या संशोधकाला याहून अधिक काय हवे? पण पत्र छापण्यासाठी किंवा कोणाला पाठवण्यासाठी बहुतेक जण शेवटी फाईल जेपेग स्वरूपात ठेवतात. त्या क्षणी सर्व थर एक होतात, आणि मूळ फाईल बहुधा पुसली जाते.